जड जागा साठ अंशांवर, पण कुठल्या बाजूने?

ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याच्या, बॅलन्सिंगचा (फिरत्या भागाचे वजन आसाभोवती सारखे करण्याच्या कामाचा) रिपोर्ट फिटरच्या हातात येतो. त्यावर एकच ओळ असते: '१२ ग्रॅम, ६० अंश'. फिटर पंख्याच्या तबकडीवर खुणेपासून कोन मोजतो, १२ ग्रॅमचा तुकडा वेल्ड करतो, झाकण बसवून मोटार चालू करतो, आणि थरथर कमी होण्याऐवजी वाढते. वजन बरोबर आहे, वेल्डिंग बरोबर आहे, कोनही साठच आहे. मीटरने मात्र ते साठ अंश पंखा फिरतो त्याच्या उलट दिशेने धरले होते आणि फिटरने ते फिरण्याच्या दिशेने मोजले. तुकडा हव्या त्या जागेपासून १२० अंश दूर जाऊन बसला. हिशोब मांडला तर जो असमतोल शून्यावर यायचा तो मूळच्या १.७३ पट झाला. कोन ९० चा असता तर चूक १८० अंशांची झाली असती आणि असमतोल थेट दुप्पट. कोन फक्त १० अंशांचा असता तर मूळच्या असमतोलातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त शिल्लक राहिला असता. हा प्रकार सर्वांत वाईट, कारण 'बऱ्यापैकी उतरलं' म्हणून काम तिथेच थांबते आणि बेअरिंग तीन-चार महिन्यांत पुन्हा बदलावे लागते.

तोच कागद आणखी एका बाबतीत मुका आहे. बारा ग्रॅम लावायचे की काढायचे? बॅलन्सिंग मशीनवर दोन्ही पर्याय असतात. काढायच्या जागी लावले तर पुन्हा असमतोल दुप्पट. '१२ ग्रॅम भर, ६० अंश, फिरण्याविरुद्ध' एवढे लिहिले असते तर काम एका फेरीत संपले असते. भर आणि घट हे दोन शब्द प्रत्येक मराठी माणसाला कळतात. ते कागदावर नव्हते.

फिरत्या यंत्रांची मराठी परिभाषा हा विषय निघाला की तो भाषेच्या अभिमानाचा म्हणून बोलला जातो. माझ्या मते तो बेअरिंगचा, विजेचा आणि अंगावर उडणाऱ्या पात्याचा प्रश्न आहे. कोकणपट्टीत तो रोज समोर येतो. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांतले ब्लोअर आणि सेंट्रिफ्यूज, मिरजोळ्यातल्या वर्कशॉपमधले पंप, आंब्याच्या रसाच्या कारखान्यांतले पल्पर, बर्फ कारखान्यांचे कॉम्प्रेसर, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरचे पंखे, आणि वर सह्याद्रीच्या पोटात कोयनेच्या चौथ्या टप्प्याचे २५० मेगावॉटचे चार संच. आकार वेगळे, पण तोलाचे गणित एकच. खारी हवा त्यात भर घालते. पावसाळ्यात दोन महिने बंद राहिलेल्या पंख्याच्या पात्यांवर गंज चढतो, चालू केल्यावर एका पात्यावरची पापडी गळते आणि दुसऱ्यावरची राहते. ३०० मिलिमीटर त्रिज्येवर १२ ग्रॅमचा फरक पडला तर मिनिटाला १४४० फेऱ्यांना तो सुमारे ८२ न्यूटनने, म्हणजे आठ किलोहून जास्त वजन टांगल्यासारखा, शाफ्टला (फिरणाऱ्या दांड्याला) ओढतो आणि प्रत्येक फेरीत ओढण्याची दिशा गोल फिरते. वेग दुप्पट केला की ओढ चौपट, तेहतीस-चौतीस किलोंची.

या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, सगळे इंग्रजीतच राहू द्या, फिटरला 'अनबॅलन्स' कळते. दुसरे म्हणते, प्रत्येक शब्दाला संस्कृत प्रतिशब्द हवा. पहिल्या मताचे लोक विसरतात की ज्या भाषेत हे शास्त्र वाढले तिथेही रोजचे शब्द पुरले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची रोटरच्या, म्हणजे यंत्राच्या फिरणाऱ्या भागाच्या, बॅलन्सिंगवरची २१९४० क्रमांकाची मालिका आहे. तिचा २०१७ सालचा दुसरा भाग केवळ शब्दांच्या व्याख्यांचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या इंजिनिअरांनाही आपले शब्द बांधून घ्यावे लागले, नाहीतर त्यांचेही तुकडे चुकीच्या जागी लागत होते. मग मराठीला त्यातून सूट कशी मिळेल?

दुसऱ्या मताला रत्नागिरीतच उत्तर आहे. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांची भाषाशुद्धीची मोहीम तिथेच उभी राहिली. त्या मोहिमेतला 'दिनांक' आज कुणाला नवा वाटत नाही, कारण तो प्रत्येक अर्जावर, पावतीवर, चलनावर छापलेला असतो. 'महापौर' टिकला, कारण ते पद रोज उच्चारले जाते. ज्या शब्दांना असा छापील कागद किंवा रोजची तोंडची गरज मिळाली नाही ते कोशातच राहिले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, अभियांत्रिकीच्या शाखांचे परिभाषा कोश निघाले, त्यांत मेहनत मोठी आहे. पण बॅलन्सिंगच्या कामाचा कागद त्या कोशांपर्यंत पोचला नाही आणि कोश त्या कागदापर्यंत आले नाहीत.

आता सर्वांत नुकसान करणारा शब्द घेऊ: डायनॅमिक. कार्यशाळेत बहुतेकांचा समज असा की यंत्र थांबवून करतात ते स्टॅटिक बॅलन्सिंग आणि फिरवून करतात ते डायनॅमिक. पाठ्यपुस्तकातले 'स्थैतिक' आणि 'गतिक' हे शब्द तोच गैरसमज मराठीत घेऊन येतात. खरा भेद थांबण्या-फिरण्याचा नाहीच. वजन शाफ्टच्या लांबीवर कुठे पसरले आहे याचा तो भेद आहे.

पल्परचा लांब रोटर डोळ्यांसमोर आणा, दोन टोकांना दोन बेअरिंग. पुढच्या टोकाला वरच्या बाजूस २० ग्रॅम जास्त आहेत आणि मागच्या टोकाला, तेवढ्याच त्रिज्येवर, बरोबर खालच्या बाजूस २० ग्रॅम. हा रोटर समतल पट्ट्यांवर ठेवला तर तो कुठेही फिरवून सोडा, जागच्या जागी थांबतो. एकही जड बाजू खाली येत नाही. तपासणारा म्हणतो, उत्तम. तोच रोटर चालू केला की पुढचे बेअरिंग वर ओढले जाते त्याच क्षणी मागचे खाली ओढले जाते आणि सगळा साचा डुगडुगू लागतो. दोन्ही बेअरिंगवर कंपन मोजले तर कोनांत १८० अंशांचा फरक दिसतो. आता कुणी पट्ट्यांवर आणखी बारकाईने तपासून मधोमध वजन लावले तर ते काहीही सुधारत नाही. आणि जिथे खरोखर एका बाजूला जास्त वजन असते तिथे सगळी भरपाई एकाच टोकाच्या तबकडीवर केली तर आधी नसलेला डुगडुगाट नव्याने तयार होतो.

म्हणून नावे अशी असावीत की त्यांतून काम समजावे. संपूर्ण रोटरचे वजन एका बाजूला सरकलेले असेल तर तो एकांगी असमतोल. तो पट्ट्यांवर सापडतो आणि वजनाच्या मध्याजवळच्या एका पातळीत (शाफ्टला आडव्या अशा एका तबकडीवर) भर किंवा घट करून जातो. दोन टोकांना उलट बाजूंनी वजन असेल तर तो दुटोकी असमतोल. तो फिरवल्याशिवाय दिसत नाही आणि दोन पातळ्यांत वजन लावल्याशिवाय जात नाही. दोन्ही एकत्र असतील तर मिश्र असमतोल. इंग्रजीत डायनॅमिक म्हणतात तो हाच, आणि कारखान्यातल्या बहुतेक रोटरमध्ये तो असतो. साधा ठोकताळा असा: रोटरची रुंदी व्यासाच्या निम्म्याहून कमी आणि वेग हजार फेऱ्यांच्या आत असेल तर एक पातळी सहसा पुरते, त्यापुढे दोन पातळ्या धराव्यात. 'दुटोकी' म्हटल्यावर एका तबकडीवर काम भागणार नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. 'गतिक' या शब्दातून ते कधीच कळणार नाही.

मराठीत असे शब्द घडू शकत नाहीत म्हणणाऱ्यांनी किनाऱ्याकडे पाहावे. बैलगाडीत मागे जास्त माल पडला की गाडी उलाळ होते. वजन कुठे सरकले आणि त्याचा परिणाम काय, हे एका शब्दात. गलबत स्थिर राहावे म्हणून तळाशी भरायचे दगड म्हणजे नीरम. आणि उलांडी तर असमतोलाचे मूळ सूत्रच शिकवते. होडीच्या बाजूला लांब बांबूंवर बांधलेला हलका ओंडका होडीला आवरतो तो त्याच्या वजनापेक्षा त्याच्या अंतरामुळे. तोच ओंडका होडीच्या कुशीला टेकवून बांधला तर त्याचा उपयोग संपला. असमतोल मोजतात तोही असाच: वजन गुणिले आसापासूनचे अंतर, ग्रॅम-मिलिमीटरमध्ये. '१२ ग्रॅमचा अनबॅलन्स आहे' या वाक्याला त्रिज्या सांगितल्याशिवाय अर्थ नाही. ३०० मिलिमीटरवरचे १२ ग्रॅम आणि १५० मिलिमीटरवरचे २४ ग्रॅम एकच. आयटीआयच्या पहिल्या वर्षाला हे उलांडीवरून शिकवले तर जन्मभर विसरणार नाही.

ग्रेडचा, म्हणजे तोल किती काटेकोर हवा ते सांगणाऱ्या दर्जाचा, घोळ याहून महाग पडतो. पंखे आणि पंपांच्या इम्पेलरसाठी (पंपातल्या फिरत्या चक्रासाठी) 'जी ६.३' ही ग्रेड मागतात, टर्बाइनसाठी 'जी २.५'. या आकड्यांचे एकक मिलिमीटर दर सेकंद आहे, आणि बेअरिंगवरचे कंपनही मिलिमीटर दर सेकंदातच मोजतात. त्यामुळे 'कंपन ६.३ च्या आत आहे, म्हणजे जी ६.३ मिळाली' असे वाक्य सर्रास ऐकू येते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. ग्रेडमधला आकडा हा रोटरचा गुरुत्वमध्य आसापासून जितका सरकला आहे ते अंतर गुणिले फिरण्याचा कोनीय वेग. कंपन हे त्या असमतोलाला पाया, बेअरिंग आणि चौकट कसे उत्तर देतात त्यावर ठरते. मऊ पायावर उत्तम तोललेला पंखाही हलतो, आणि जाड काँक्रीटवर वाईट तोललेला पंखा शांत दिसतो, पण बेअरिंग खातो.

चालणारा, म्हणजे राहिला तरी चालेल एवढा, असमतोल किती ते काढायला ९५४९ गुणिले ग्रेड गुणिले रोटरचे किलोतले वजन करा आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागा. ४० किलोचा पंखा, १४४० फेऱ्या, ग्रेड ६.३ असेल तर उत्तर येते सुमारे १६७० ग्रॅम-मिलिमीटर. दोन पातळ्यांत सारखा वाटला तर प्रत्येकी ८३५, आणि ३०० मिलिमीटर त्रिज्येवर प्रत्येकी २.८ ग्रॅम. कोशातला 'अवशिष्ट' हा शब्द इथे वापरू नये असे मला वाटते. ऐकणाऱ्याला तो काम अर्धवट सोडल्यासारखा लागतो, आणि मग कारण नसताना आणखी दोन फेऱ्या घेतल्या जातात. 'उरलेला' आणि 'चालणारा' हे दोन शब्द पुरेसे आहेत. उरलेला चालणाऱ्याच्या आत आला की थांबायचे.

आता चावी. शाफ्ट आणि हब यांच्यामध्ये बसते ती लोखंडी चावी, जिच्याकडे तोलाच्या कामात कुणी पाहत नाही. ४२ मिलिमीटर शाफ्टला १२ बाय ८ ची चावी लागते. ती ८० मिलिमीटर लांब असेल तर वजन सुमारे ६० ग्रॅम. मोटारचा रोटर अर्धी चावी लावून तोलण्याची रीत आता जगभर मान्य आहे, आणि त्यासाठी मोटारच्या शाफ्टवर 'एच' हे अक्षर ठोकलेले असते. पूर्ण चावीने तोलला असेल तर 'एफ', चावीशिवाय असेल तर 'एन'. पंखा मात्र गावातल्या वर्कशॉपमध्ये मँड्रेलवर (तोलण्यापुरत्या घातलेल्या दांड्यावर) चावीशिवाय तोलला जातो. जोडणीच्या वेळी पूर्ण चावी बसते. हबची खाच रिकामी धरून पंखा तोललेला होता, आता ती भरली. अर्धी चावी ३० ग्रॅम, आसापासून साधारण २१ मिलिमीटर, म्हणजे ६०० च्या वर ग्रॅम-मिलिमीटर. वरच्या हिशोबातल्या पंख्याच्या एकूण मुभेतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एका चावीने खाल्ला, आणि तोलणारा म्हणतो माझे काम बरोबर, मोटारवाला म्हणतो माझे बरोबर. दोघेही खरे बोलतात. 'तोल: अर्ध्या चावीसह' हे तीन शब्द दोन्ही कागदांवर असते तर वाद झाला नसता.

काही इंग्रजी शब्द बदलायची मुळीच गरज नाही. शाफ्ट, बेअरिंग, कपलिंग, इम्पेलर हे आता मराठी शब्द आहेत. पण 'फेज' ठेवू नये. भौतिकशास्त्रातला 'कला' हा प्रतिशब्द कार्यशाळेत रुजणार नाही हे खरे. तरी फेजही नको, कारण तिथे फेज म्हणजे विजेची तार. 'फेज बदल' असे फोनवर सांगितले तर इलेक्ट्रिशियन मोटारची उलटसुलट जोडणी करील. 'खुणेपासूनचा कोन' म्हणावे. खूण म्हणजे शाफ्टवर चिकटवलेली चमकती पट्टी, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तसाच दुसरा जोडशब्द: जड जागा आणि उचल जागा. फिरत्या शाफ्टजवळ खडू नेला तर तो जिथे टेकतो ती उचल जागा. जुने फिटर तिलाच जड जागा समजून तिथे घासतात. शाफ्टच्या क्रिटिकल वेगाच्या (ज्या वेगाला शाफ्ट सर्वांत जास्त हलतो त्याच्या) बराच खाली चालणाऱ्या यंत्रात ते जुळते. क्रिटिकल वेगावर उचल जागा जड जागेच्या ९० अंश मागे राहते आणि त्याच्या बऱ्याच वर १८० अंश. तिथे खडूची खूण बरोबर हलक्या बाजूला उमटते. दोन गोष्टींना दोन नावे नसली की ही चूक पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते.

'आउट आहे' हा शब्द तर बंदच व्हावा. वाकलेला शाफ्ट आउट, कपलिंगची ओळ चुकली तरी आउट, असमतोल आउट, सैल पाया आउट. प्रत्येकाचा उपाय वेगळा. मराठीकडे कंपनाच्या नादांचा मोठा साठा आहे आणि तो लॉगशीटवर यायला हवा. फेरीला एकदा, एकसारखी, शाफ्टला आडवी येते ती थरथर: तिथे असमतोलाचा संशय आधी घ्यावा. सैल बोल्टाची खडखड. बेअरिंगची घरघर. जवळजवळ एकाच वेगाने चालणाऱ्या दोन पंपांमुळे आवाज वाढतो-उतरतो ते हेलकावे. रात्रपाळीच्या ऑपरेटरने 'कंपन जास्त' ऐवजी 'हेलकावे, दहा सेकंदांनी' लिहिले तर सकाळी येणाऱ्याचे अर्धे निदान झालेले असते. पुढे मीटरने खात्री करायचीच: ओळ चुकलेली असेल तर फेरीला दोनदा येणारे आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेचे कंपन वाढलेले दिसते.

कोन मोजणारे यंत्र नसलेल्या छोट्या वर्कशॉपलाही तोल साधता येतो आणि त्याची रीत चार मराठी वाक्यांत मावते. आधी मूळ कंपन मोजा. मग चाचणी वजन ०, १२० आणि २४० अंशांवर पाळीपाळीने लावून तीन वेळा मोजा, वेग प्रत्येक वेळी तोच ठेवा. कागदावर मूळ कंपनाएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा, त्यावरच्या त्या तीन बिंदूंतून त्या-त्या वाचनाच्या त्रिज्येचे कंस मारा, ते जिथे छेदतील तिथपर्यंत मध्यापासून रेघ ओढा. रेघेची दिशा म्हणजे वजनाची जागा, आणि चाचणी वजन गुणिले मूळ कंपन भागिले रेघेची लांबी म्हणजे भर किती ते. चाचणी वजन वर सांगितलेल्या ४० किलोच्या पंख्याला ३०० मिलिमीटरवर सहा ग्रॅमच्या आसपास असावे, म्हणजे त्याची ओढ रोटरच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी राहते. कंस छेदलेच नाहीत तर दोष असमतोलाचा नसावा, आधी पायाचे बोल्ट पाहा.

बंदरावर आणखी एक भेद हवा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत ट्रॉलर वर ओढलेले असतात आणि पंखे उतरवून वर्कशॉपला जातात. पट्ट्यांवर ठेवून जड पाते घासले की 'पंखा बॅलन्स झाला'. पण एखादे पाते ठोकर खाऊन वाकले असेल तर त्याचा पिच (पात्याचा तिरकेपणा) बाकीच्यांपेक्षा वेगळा, ते पाणी कमी-जास्त ढकलते, आणि वजन काट्यावर बरोबर असूनही ट्रॉलर थरथरतो. वजनाचा तोल आणि पाण्याचा तोल अशी दोन कामे बिलावर वेगळी लिहावीत. क्रमही ठरलेला: आधी पाती सरळ करणे, मग वेल्डिंग, मग पिच मोजणे, आणि वजनाचा तोल सर्वांत शेवटी, कारण वेल्डिंगने वजन बदलते. घासायचे ते पात्याच्या पाठीवरून, धारांपासून लांब, पसरून थोडे थोडे. एका जागी खड्डा पाडला तर तिथून पाते कमजोर होते.

डिप्लोमाचे शिक्षण महाराष्ट्रात द्विभाषिक झाले आहे आणि आयटीआयत फिटरला मराठीतूनच शिकवले जाते. त्यामुळे हे शब्द ठरवायला यापेक्षा चांगली वेळ नाही. पण ते ठरवावेत लोटे, मिरजोळे, कुडाळच्या कार्यशाळांत बसून, आणि कसोटी एकच ठेवावी: रात्रपाळीच्या फिटरला फोनवर वाक्य वाचून दाखवा आणि त्याची खडूची खूण कुठे उमटते ते बघा. दहापैकी दहा जणांची खूण एका जागी आली तर शब्द ठेवा, नाहीतर बदला. मग तंत्रशिक्षण मंडळाने पुस्तकात आणि भाषा संचालनालयाने कोशात तोच शब्द घ्यावा. त्याआधी, म्हणजे उद्यापासून, बॅलन्सिंग करून देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या रिपोर्टवर एवढ्या ओळी मराठीत छापाव्यात: दिनांक, फेऱ्या, पुढची पातळी, मागची पातळी, त्रिज्या, भर की घट, चावी अर्धी की पूर्ण, खूण कुठे, कोन कुठल्या दिशेने, उरलेला असमतोल, चालणारा असमतोल. आणि पंख्याच्या तबकडीवर फिरण्याच्या दिशेचा बाण, रंगाने नव्हे, पंचाने ठोकलेला. लोट्याच्या हवेत रंग एक पावसाळा टिकत नाही.